बनशंकरीला निघालो आणि दोन राजघराण्यांच्या मध्ये सापडलो

दिवस पहिला : लातूर – सोलापूर – बदामी

आमची कुलदेवी बदामीची बनशंकरी. आई तीन वर्षांपासून मागे लागली होती, "माझे गुडघे आहेत तोवर नेऊन आण". दरवेळी काहीतरी निघायचं. यंदा पौषातली जत्रा उरकली, गर्दी ओसरली, आणि फेब्रुवारीत एकदाचे निघालो. गाडीत आई, मी आणि मेव्हणा, गाडी त्याचीच, त्यामुळे गाणी पण त्याचीच.

माझा स्वतःचा एक छुपा अजेंडा होता तो आधीच सांगून टाकतो. मला ताम्रपटांचं वेड आहे. शिकलोय कॉमर्स, पण रात्री जेवण झालं की शिलालेखांची भाषांतरं वाचत बसतो, बायको म्हणते दुसऱ्यांचे सातबारे वाचून तुम्हाला काय मिळतं. खरंय तिचं, ताम्रपट म्हणजे सातबाराच. कोणी, कोणाला, कुठलं गाव, कधी दिलं, चतुःसीमा काय. फक्त सुरुवातीला राजाच्या सात पिढ्यांचं कौतुक असतं, आणि खरी मजा त्या कौतुकातच असते.

तर बनशंकरीच्या निमित्ताने बदामीचे चालुक्य आणि त्यांना हटवून आलेले राष्ट्रकूट, दोन्ही एका फेरीत बघायचे असं मी ठरवलं होतं. एकाने साधारण ५४३ ते ७५७, दुसऱ्याने तिथून ९७३ पर्यंत राज्य केलं, दोघांनीही दोनशेच्या वर वर्षं. आणि राष्ट्रकूट स्वतःला काय म्हणवून घ्यायचे, तर लट्टलूरपुरवराधीश्वर. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर! हे ऐकल्यावर मेव्हण्याने पहिल्यांदा गाण्याचा आवाज कमी केला.

तुळजापुरात आई दर्शन घेतल्याशिवाय पुढे सरकणार नव्हती, तिथे दोन तास गेले. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडकी बांधून घेतली. सोलापूर सोडल्यावर विजापूर रोडवरून मी गाडी आत भीमेच्या दिशेला वळवायला लावली, भंडारकवठ्याला. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, नदीकाठ, ऊस. आई म्हणाली इथे कोणता देव आहे. म्हणलं देव नाही, इथे एका राजघराण्याचा शेवटचा कागद झालाय.

म्हणजे असं की चालुक्यांचा शेवटचा राजा दुसरा कीर्तिवर्मा, त्याचा ७५७ चा ताम्रपट आहे, सापडला कर्नाटकात वक्कलेरीला, पण त्यात लिहिलंय की राजाची छावणी भीमेच्या उत्तर काठावर भंडारगविट्टगे इथे असताना हे दान दिलं. अभ्यासकांनी ते गाव म्हणजे हे भंडारकवठे असं ठरवलंय. त्यानंतर या घराण्याचा आवाज बंद. आणि गंमत म्हणजे पट वाचताना कुठेही वाटत नाही की हा माणूस बुडतोय, सगळे किताब जागच्या जागी, सगळे पूर्वज शूर, दान पण व्यवस्थित. अर्धं राज्य हातातून गेलं होतं तेव्हा.

नदीकाठी पाच मिनिटं उभे राहिलो. बघण्यासारखं काही नाही तिथे, उगाच कोणाला जा म्हणून सांगणार नाही. मेव्हणा म्हणाला यासाठी वीस किलोमीटर आत आणलंस? मी गप्प.

विजापूर बाहेरूनच काढलं, गोलघुमट लांबून दिसला तेवढाच. बदामीत पोचायला रात्रीचे नऊ. लॉजवाल्याने आधी सांगितलेला रेट बदलला, त्यावर मेव्हण्याने कन्नड-हिंदी-मराठी अशा तिन्ही भाषांत भांडण केलं आणि शंभर रुपये कमी करून घेतले.

दिवस दुसरा : बदामी

पहाटे उठून आधी बनशंकरी. गावापासून पाचेक किलोमीटर, देवळासमोर मोठं हरिद्रातीर्थ, त्याच्याभोवती दगडी ओवऱ्या. देवी सिंहावर बसलेली, काळ्या पाषाणातली. देवस्थान जुनं, पण आत्ताचं देऊळ १७५० साली परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदाराने बांधलंय. आईने ओटी भरली, मनसोक्त रडली, मग एकदम फ्रेश. बाहेर बायका टोपल्यात ज्वारीच्या भाकरी, लाल चटणी, भरली वांगी आणि मातीच्या छोट्या गाडग्यात दही घेऊन बसतात, दही असं की गाडगं उलटं केलं तरी पडायचं नाही. आईने तीन गाडगी संपवली आणि म्हणाली गुडघे एकदम बरे आहेत.

मग बदामी. तांबड्या वाळूच्या दगडाचे दोन डोंगर, मध्ये अगस्त्य तलाव, आणि माकडं. माकडांबद्दल एवढंच सांगतो की सोलापूरची शेंगाचटणी तिथेच संपली.

५४३ साली पहिल्या पुलकेशीने याच डोंगरावर किल्ला बांधला, तसा लेख त्याच डोंगराच्या कड्यावर आहे, शके ४६५. वर उभं राहिलं की यांचं राजकारण अर्धं इथेच कळतं. पाठीला कडा, पायाशी पाणी, समोर मोकळं मैदान. ही माणसं एका जागेला धरून राहिली. राज्य नर्मदेपर्यंत गेलं, किनाऱ्याला गेलं, पण मूळ खुंटा वातापीतच, म्हणजे या बदामीतच. घरातली माणसं प्रांतावर पाठवायची, एक भाऊ पूर्वेला वेंगीत, पुढे एक शाखा गुजरातेत नवसारीकडे, आणि बायकासुद्धा. दुसऱ्या पुलकेशीची सून विजयभट्टारिका स्वतःच्या नावाने ताम्रपट काढत होती, ते पट आपल्या कोकणात नेरूर आणि कोचरे इथे सापडलेत, सिंधुदुर्गात. एकत्र कुटुंबाचा कारभार म्हणा ना.

एकत्र कुटुंब म्हणलं की पुढचं पण आलंच. तिसऱ्या लेण्यात, तेच मोठं, शेषावर बसलेल्या विष्णूचं, तिथे मंगलेशाचा ५७८ चा लेख आहे. त्यात तो म्हणतो की हे लेणं मी केलं पण याचं पुण्य माझ्या थोरल्या भावाला, पहिल्या कीर्तिवर्म्याला मिळो. किती छान. आईला वाचून सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. मग पुढची गोष्ट सांगितली की तोच थोरला भाऊ वारल्यावर पुतण्या लहान होता म्हणून मंगलेश गादीवर बसला आणि नंतर पुतण्याला डावलून स्वतःच्या पोराला बसवायला निघाला, तर पुतण्याने, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीने, त्याला लढाईत संपवलं. आई म्हणाली, "पाटीवर नाव लिहायला सगळेच पुढे असतात, वाटणीच्या वेळी कळतं." आमच्याकडे पण एक विहिरीची वाटणी अजून चालू आहे, तिच्याकडे बघून बोलली नाही पण मला कळलं.

हाच दुसरा पुलकेशी ज्याने हर्षाला नर्मदेवर अडवलं. याच्याच काळात ह्युएन त्संग आपल्या मुलखात येऊन गेला आणि त्याने लिहिलंय की इथली माणसं मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमान पण विसरत नाहीत, हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत तर बाईचे कपडे देतात, आणि लढाईला जाताना हत्तींना दारू पाजतात. मेव्हणा म्हणाला यातलं अर्धं अजून चालू आहे.

आणि याच पुलकेशीची राजधानी ६४२ च्या सुमारास कांचीच्या पल्लव घराण्यातल्या नरसिंहवर्म्याने घेतली. 'वातापीकोंड', म्हणजे वातापी जिंकणारा, असा किताब लावला आणि बदामीतल्या खडकावर स्वतःचा लेख कोरून ठेवला. तो अजून आहे. पुढे डझनभर वर्षं राजधानी गेलेलीच. एका खुंट्याला बांधलेल्या राज्याचं हे असं होतं, खुंटा उपटला की सगळं सैरावैरा. मग पहिल्या विक्रमादित्याने ६५५ च्या आसपास परत मिळवली.

संध्याकाळी तलावाच्या टोकाला भूतनाथाच्या देवळात बसलो. ऊन कड्यावर असं लालबुंद झालं होतं की मेव्हण्याने पण फोन खिशात ठेवला. थोडा वेळ.

दिवस तिसरा : पट्टदकल्ल आणि ऐहोळे

आधी ऐहोळेचं दोन वाक्यांत उरकतो, कारण मी तिथे उन्हाने अर्धमेला झालो होतो. शंभरावर देवळं, गावात घरं आणि देवळं एकमेकांत मिसळलेली, दुर्ग देवळाचा पाठीमागचा गोल आकार फोटोत दिसतो त्यापेक्षा भारी आहे, आणि ते दुर्गेचं नाही, दुर्ग म्हणजे किल्ल्याजवळचं म्हणून दुर्ग. टेकडीवरच्या मेगुती जैन मंदिरात रविकीर्तीचा ६३४ चा लेख आहे, तो मात्र चढून बघितलाच. हा कवी स्वतःला सरळ कालिदास-भारवीच्या रांगेत बसवतो. आणि त्यात तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे, नव्व्याण्णव हजार गावांचे. आपलं नाव असं भिंतीवर बघितलं की छातीत काहीतरी होतंच.

पट्टदकल्ल मात्र निवांत. मलप्रभा इथे उत्तरेला वळते, म्हणून जागा पवित्र, म्हणून इथे राज्याभिषेक व्हायचे. एका आवारात उत्तरेकडच्या शिखराची आणि दक्षिणेकडच्या विमानाची देवळं खांद्याला खांदा लावून उभी, जणू कोणाला तरी दोन्हीपैकी एक निवडायचं होतं आणि निवडवेना.

सगळ्यात मोठं विरूपाक्ष. दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने बांधवलं, नवऱ्याने कांची तीनदा जिंकली त्याची आठवण म्हणून. शेजारचं मल्लिकार्जुन तिच्याच धाकट्या बहिणीचं, ती पण त्याचीच राणी. (आई: "दोघींना वेगवेगळी देवळं दिली ते बरं केलं.") इथे एक गोष्ट फार आवडते मला. शंभरेक वर्षांपूर्वी पल्लवांनी यांची राजधानी घेतली होती, आता यांची पाळी होती, आणि विक्रमादित्याने कांचीत शिरून काय केलं, तर तिथल्या राजसिंहेश्वर देवळाची संपत्ती बघितली आणि देवालाच परत देऊन टाकली, आणि तसा कन्नड लेख तिथल्याच खांबावर कोरून आला. बदला घ्यायची ही पद्धत जबरदस्त आहे, समोरच्याला आयुष्यभर रोज वाचायला लागतं.

राणीसाहेबांनी स्थपतीचा पण मान राखलाय, गुंड नावाचा, त्याला 'त्रिभुवनाचारी' किताब दिल्याचं देवळावरच लिहिलंय. गायकांचे जुने हक्क तिने तसेच पुढे चालू ठेवले, त्याचा पण लेख आहे. म्हणजे यांचा कारभार जवळून हात लावून केलेला दिसतो, कारागीर, गवई, गावचे महाजन, सगळ्यांशी राजघराण्याचं थेट बोलणं.

आवारात एक खांब आहे, ७५४ चा, कीर्तिवर्म्याच्या काळातला, तोच आपला भंडारकवठेवाला. गंगेकाठचा ज्ञानशिव नावाचा आचार्य इथे येऊन राहिला होता, त्याने उभारलेला. एकच मजकूर दोन लिप्यांत, एक उत्तरेची नि एक इथली. राजा कोण तर कीर्तिवर्मा, सगळं मंगल. आणि बरोबर त्याच सुमाराला, शके ६७५ म्हणजे ७५३-५४, दुसऱ्या बाजूला राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट आहे, सापडला कुठे तर सामानगडावर, गडहिंग्लजजवळ. त्यात दंतिदुर्ग म्हणतो की मी वल्लभाला, म्हणजे चालुक्य राजाला, हरवून राजाधिराज परमेश्वर झालोय. एकाच राज्याचे दोन मालक, दोघांचेही कागद पक्के. तहसीलमध्ये गेलात तर आजही असंच सापडेल.

पण त्या सामानगडच्या पटातलं खरं वाक्य पुढे आहे. दंतिदुर्ग काय फुशारकी मारतो? म्हणतो, कांची, केरळ, चोल, पांड्य, हर्ष, वज्रट या सगळ्यांना हरवणारं ते अफाट कर्नाटकबल, म्हणजे चालुक्यांची फौज, मी मोजक्या माणसांनिशी हरवलं. आता बघा, यात शत्रूचीच सगळी यादी आहे! हर्षाला हरवलं चालुक्यांनी, आणि शेखी मिरवतायत राष्ट्रकूट. जुन्या मालकाला लहान करून नवा मोठा होत नाही हे त्याच्या लेखकाला बरोबर कळलं होतं, जुना जितका मोठा तितका पाडणारा मोठा. किताबसुद्धा तोच उचलला, वल्लभ, पृथ्वीवल्लभ. पुढे अरब व्यापारी राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणायचे, ते वल्लभराजाचंच झालेलं. फक्त वराहाच्या मुद्रेऐवजी गरुड आला. आणि रक्ताने पण परका नव्हताच हा, दंतिदुर्गाची आई चालुक्य राजकन्या, बापाने तिला मांडवातून पळवून आणलेली असं राष्ट्रकूटांच्याच संजानच्या पटात आहे. आई म्हणाली, "म्हणजे आजोळ बुडवलं."

हो. आजोळ बुडवलं.

राजवट बदलल्यावर पट्टदकल्लला कोणी हात लावला नाही. उलट राष्ट्रकूट ध्रुवाच्या काळातला लेख इथेच आहे, देवळातल्या एका गणिकेने दान दिल्याचा. आणि गावाबाहेर थोड्या अंतरावर यांच्याच काळातलं जैन मंदिर, दाराशी दगडी हत्ती, तिथे आम्ही सोडून फक्त शेळ्या होत्या.

दिवस चौथा : मळखेड

हा दिवस फक्त माझ्या हट्टाचा. बदामीहून कलबुर्गी आणि पुढे चाळीसेक किलोमीटर सेडमच्या रस्त्याला मळखेड. म्हणजे मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. अरब प्रवासी सुलेमान याने ८५१ च्या आसपास जगातल्या चार थोर राजांत याला बसवलं होतं, बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा बादशहा आणि चौथा बल्हरा. तर त्या चौथ्याच्या राजधानीत आम्ही दुपारी दोनला पोचलो आणि पहिली गोष्ट दिसली ती सिमेंटची धूळ. आजूबाजूला कारखाने. घरं सगळी शहाबादी फरशीची, शहाबाद जवळच आहे, भिंतीला फरशी, छताला फरशी, गोठ्याला फरशी. ज्या फरशीवर आपण आयुष्यभर अंघोळी केल्या ती इथली.

कागिणा नदीच्या काठावर किल्ला, तोही बराचसा नंतरच्या काळातला, बुरुज पडके, आत बाभळी आणि पोरं क्रिकेट खेळतायत. नेमिनाथाचं जुनं मंदिर आहे. आईला माध्व संत टीकाचार्यांच्या वृंदावनाचं, म्हणजे समाधीचं, दर्शन झालं, ती खूश. मेव्हण्याने विचारलं, "मग राजवाडा कुठंय?" आणि मला उत्तर देता आलं नाही.

बुरुजावर बसून मला जे वाटलं ते सांगतो. चालुक्य जागेला धरून होते, राष्ट्रकूट नव्हते. पहिली पन्नास-साठ वर्षं यांची नक्की राजधानी कोणती हेच धड सांगता येत नाही, मान्यखेट वसवलं ते अमोघवर्षाने, नवव्या शतकात. त्याआधी ध्रुव काय, तिसरा गोविंद काय, सतत घोड्यावर, एकदा गंगेच्या दुआबात, एकदा कांचीत. राज्य चालायचं ते मांडलिकांच्या जोरावर. खाली राष्ट्रपती, विषयपती, भोगपती अशी उतरंड, पण प्रत्येक कोपऱ्यात एक वतनदार आपापली फौज बाळगून. बाहेरच्या माणसाचं वावडं नव्हतं. पालघरच्या चिंचणीला ९२६ चा ताम्रपट सापडलाय, त्यात संजान मंडळाचा कारभारी चक्क एक अरब आहे, मुहम्मद, संस्कृतात त्याला मधुमती केलंय, आणि त्याच्या कारकिर्दीत मठाला जमीन दिल्याची नोंद आहे. चालुक्यांनी हे केलं असतं का? मला नाही वाटत, ते भाऊ पाठवायचे.

भावांशी मात्र राष्ट्रकूट जरा बरं वागले असं माझं मत झालंय. ध्रुवाने धाकट्या गोविंदाला वारस केलं, थोरला स्तंभ बारा राजे गोळा करून उलटला, हरला, आणि गोविंदाने त्याला परत गंगवाडीचा कारभार दिला! मंगलेशासारखं संपवलं नाही. आई म्हणाली, "तसं वागायला मोठं राज्य लागतं. दोन एकरात कोण कोणाला माफ करतंय."

अमोघवर्ष तर अजून वेगळा. ८१४ ते ८७८, चौसष्ट वर्षं गादीवर. लढून नाही तर पोरींची लग्नं लावून गंग-पल्लवांना जवळ केलं. कन्नडमधला सगळ्यात जुना उपलब्ध काव्यशास्त्राचा ग्रंथ, कविराजमार्ग, याच्या दरबारातला, आणि त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. म्हणजे आमचं लातूर पण आत आलं, मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, "तरीच काल लॉजवर कन्नड जमली." आणि संजानच्या पटात आहे की प्रजेवर संकट आलं तेव्हा याने आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच मानतात. आईने हे ऐकून नदीकडे बघत हात जोडले, राजाला का देवीला माहीत नाही.

९७२ ला माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटलं. आणि पुढच्याच वर्षी यांच्याच एका मांडलिकाने, तैलपाने, शेवटचा धक्का दिला. तो तैलप स्वतःला कोणाचा वंशज म्हणवत होता? बदामीच्या चालुक्यांचा. बायको कोणाची केली होती? राष्ट्रकूटांची लेक. मांडलिक म्हणून वर आले, मांडलिकानेच खाली आणलं, आणि दोन्ही वेळा सोयरिक मध्ये.

रात्री आळंद-उमरगामार्गे घरी, दीड वाजले. आई मागच्या सीटवर झोपलेली, मांडीवर दह्याचं रिकामं गाडगं.

दिवस पाचवा : तीन आठवड्यांनी, वेरूळ

वेरूळशिवाय हे पुरं होत नव्हतं म्हणून एका शनिवारी पहाटे चारला निघालो, तेच तिघं. (मंगळवारी बंद असतं, लक्षात ठेवा.)

कैलास लेणं मी शाळेच्या सहलीपासून पाच-सहा वेळा बघितलंय. पण पट्टदकल्ल बघून कैलासात शिरलो तेव्हा अंगावर काटा आला. हे विरूपाक्षच आहे! तेच गोपूर, तोच वेगळा नंदीमंडप, तोच खांबांचा सभामंडप नि त्याला तिन्ही बाजूंनी ओवऱ्या, तेच दक्षिणी विमान. फक्त तिकडे दगडावर दगड रचलाय आणि इथे वरून खाली डोंगर कोरून काढलाय, आकाराने कितीतरी मोठं. दंतिदुर्गाला मूल नव्हतं, मागून त्याचा काका पहिला कृष्ण आला, हे लेणं त्याच्या नावावर. काका परत! पण हा काका लेणं सोडून गेला. पुढे ८१२ च्या बडोद्याच्या पटात लिहिलंय की हे देऊळ बघून देव पण थक्क झाले आणि करणारा शिल्पी स्वतःच म्हणाला, हे मी कसं काय केलं?

आणि त्या शिल्पीचं नाव नाही. पट्टदकल्लच्या गुंडाचं नाव त्या देवळावर आहे, कैलासवाल्याचं कुठेच नाही. मला हे लागलं थोडं. एवढं मोठं घराणं, कोणाला दोन ओळी खोदायला सुचल्या नाहीत? आई म्हणाली, "त्याला कशाला पाहिजे पाटी," आणि हत्तींच्या रांगेजवळ सावलीत बसली, गुडघे परत दुखत होते.

मी एकटाच पलीकडे पंधरा नंबरला गेलो, दशावतार लेणं. सगळे कैलास बघून परततात, इथे कोणी येत नाही. अंगणात एक मंडप आहे कोरलेला, त्याच्या भिंतीवर दंतिदुर्गाचा लेख, वंशावळ, जिंकलेल्या राजांची यादी. याने उज्जैनीत मोठं हिरण्यगर्भ दान केलं आणि गुर्जर राजाला दारावर उभं केलं, प्रतिहार या शब्दावरचा विनोद (घराण्याचं नाव प्रतिहार आणि प्रतिहार म्हणजे द्वारपाल), तो संजानच्या पटात आहे. इथला लेख मात्र अर्धवट सुटलाय, कोरता कोरता थांबल्यासारखा. अक्षरं इतकी झिजलीत की मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पण मला चार-पाचच्या वर लागली नाहीत. एक 'र', एक 'न्ति' बहुतेक.

वॉचमनकाका जवळ येऊन बघायला लागले. म्हणाले, "काय शोधताय? इथं काही नाही, मूर्त्या वरच्या मजल्यावर." म्हणलं हे लिहिलंय ते. त्यांनी पण वाकून बघितलं, बराच वेळ, बोट न लावता. मग म्हणाले, "सतरा वर्षं ड्यूटी करतोय, मला वाटायचं दगडाचीच रेघोटी आहे."